गांधीजी आणि पाण्याचे उपचार



महात्मा गांधी म्हटले की आपल्याला चरखा, सत्याग्रह आणि अहिंसा आठवते. परंतु आजाऱ्याची सेवा ही त्यांची आयुष्यभराची आवड होती. त्या सेवेत पाण्याच्या उपचारांना मोठे स्थान होते आणि त्याचा बराचसा इतिहास आपल्या महाराष्ट्रातच घडला.

2 ऑक्टोबर 1869 रोजी पोरबंदर येथे जन्मलेले गांधीजी बॅरिस्टर होऊन दक्षिण आफ्रिकेत गेले. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत जलोपचाराची मोठी लाट आली होती. बव्हेरियातील फादर सेबास्टियन क्नाइप (1821–1897) हे कॅथोलिक धर्मगुरू आपल्या धर्मग्रामात रुग्णांवर पाण्याने उपचार करीत. लाइपझिगचे लुई कुन्हे यांनी कटिस्नानाचा प्रसार केला. कुन्हे यांचे लेखन गांधीजींनी वाचले होते आणि त्यांचे उपचार स्वतःवर करूनही पाहिले होते.

या विश्वासाची खरी कसोटी लागली ती 1902 साली मुंबईत. गांधीजी गिरगावात बिऱ्हाड करून राहत होते. त्यांचा दुसरा मुलगा मणिलाल, वय अवघे दहा वर्षे, विषमज्वराने अंथरुणाला खिळला. सोबत न्यूमोनिया होता आणि रात्री तो बरळू लागला. त्या काळी विषमज्वरावर प्रतिजैविके नव्हती. औषधाचा फारसा उपयोग होणार नाही, मुलाला अंडी आणि कोंबडीचे सूप द्यावे, असे पारशी डॉक्टरांनी सांगितले. गांधीजींचे घर शाकाहारी. त्यांनी मुलालाच विचारले आणि मुलाने वडिलांच्या उपचाराला होकार दिला.

कटिस्नान सुरू झाले, तेही तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही. तीन दिवस फक्त पाणी घातलेला संत्र्याचा रस दिला. तरीही ताप 104 अंशांपर्यंत जाई. आपल्या मतासाठी मुलाचा जीव पणाला लावण्याचा बापाला काय अधिकार, हा प्रश्न गांधीजींना छळू लागला. एका रात्री त्यांनी चादर ओली करून घट्ट पिळली, मणिलालला तिच्यात गुंडाळले, वर दोन घोंगड्या घातल्या आणि डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. मुलाला कस्तुरबांच्या स्वाधीन करून ते रामनाम घेत चौपाटीवर फिरायला गेले. परत आले तेव्हा मुलाला दरदरून घाम सुटला होता आणि ताप उतरू लागला होता. पुढे चाळीस दिवस पातळ दूध आणि फळांचा रस यांवर ठेवल्यानंतर तो पूर्ण बरा झाला.

मुलगा कशामुळे वाचला? देवाच्या कृपेने, पाण्याने, की पथ्य आणि शुश्रूषेने? गांधीजींनी आत्मकथेत या प्रश्नाचा निकाल दिला नाही. ज्याला जे वाटेल ते त्याने मानावे, असे म्हणून त्यांनी स्वतःपुरते श्रेय देवाला दिले. एका अनुभवावरून सिद्धांत मांडण्याची घाई त्यांनी केली नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्यांचा आग्रह आंधळाही नव्हता. 1924 च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात अॅपेंडिक्सचा त्रास बळावला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात ब्रिटिश सर्जन कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. 1942 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. कटिस्नान कसे घ्यावे आणि ओल्या चादरीची घडी कशी घालावी, हे त्यात साध्या शब्दांत सांगितले आहे.

आयुष्याच्या शेवटी त्यांना गरिबांसाठी निसर्गोपचार केंद्र काढायचे होते. आधी पुणे शहराचा विचार झाला. पण खेड्यातला गरीब माणूस शहरात उपचारासाठी येणार नाही, हे ध्यानात येताच त्यांनी बेत बदलला. मार्च 1946 मध्ये ते पुणे–सोलापूर रेल्वेमार्गावरील उरुळीकांचन या गावी जाऊन राहिले आणि तेथे रुग्ण तपासू लागले. पाणी, माती, ऊन, साधा आहार आणि ईश्वराचे नाव, एवढीच त्यांची सामग्री. काही दिवसांनी ते गेले, पण काम मणिभाई देसाईंच्या हाती राहिले. मणिभाईंनी 1993 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते गाव सोडले नाही. तो आश्रम आजही चालू आहे. गांधीजींची हत्या मात्र 30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत झाली.

प्रिय जनहो, आज विषमज्वरावर खात्रीची औषधे आहेत. म्हणून ताप आला तर डॉक्टरांकडेच जावे. 1902 चा प्रयोग आपण करू नये. पण गुडघेदुखीच्या रुग्णाला आज डॉक्टरही पाण्यातला व्यायाम सुचवतात, कारण पाण्यात शरीराचा भार सांध्यांवर कमी पडतो. आणि औषध कितीही चांगले असले, तरी ओल्या कपड्याने कपाळ पुसणारा हात घरातलाच लागतो. आपल्या धर्मग्रामातही कितीतरी आजारी आणि वृद्ध माणसे अशा हाताची वाट पाहत आहेत. या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाच्या तरी उशाशी जाऊन बसू या.

आपला,
धर्मगुरू