विष्णुशास्त्री चिपळूणकर : मराठी ग्रंथांचे परखड परीक्षक

आधुनिक मराठी गद्याला नवे वळण देणारे निबंधकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांना अवघे ३१ वर्षांचे आयुष्य लाभले. तेवढ्या अवधीत काव्य, इतिहास, भाषांतरे, व्याकरण आणि समाजसुधारणा अशा नाना विषयांवरील ग्रंथांविषयी त्यांनी आपली मते निर्भीडपणे मांडली. त्यांतील काही मते काळाच्या कसोटीस उतरली, काही मात्र उतरली नाहीत.

विष्णुशास्त्रींचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. वडील कृष्णशास्त्री हे संस्कृतचे पंडित आणि नामवंत भाषांतरकार असल्याने ग्रंथांचा सहवास त्यांना घरातच लाभला. १८७२ मध्ये बी.ए. झाल्यावर त्यांनी शिक्षकी पेशा स्वीकारला. इंग्रज साहित्यिक सॅम्युएल जॉन्सन यांच्या 'रासेलस' या कथेचे वडिलांनी आरंभिलेले भाषांतर त्यांनी पूर्ण केले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी या संस्कृत कवींवरील त्यांचे निबंध 'शालापत्रक' मासिकातून प्रसिद्ध झाले.

जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले. त्याचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील बहुतेक मजकूर एकट्या विष्णुशास्त्रींचा होता. वाचन, भाषापद्धती, इतिहास, वक्तृत्व हे त्यांचे विषय. ग्रंथाची केवळ स्तुती न करता त्याचे गुणदोष सकारण दाखवावेत, हा दंडक त्यांनी घालून दिला. मोरोपंतांच्या कवितेचे त्यांनी केलेले सविस्तर रसग्रहण विशेष गाजले. जुनी काव्ये व बखरी प्रकाशात आणणाऱ्या 'काव्येतिहाससंग्रह' या १८७८ मधील उपक्रमातही त्यांचा सहभाग होता.

समाजसुधारकांच्या ग्रंथांपुढे मात्र हा तोल ढळला. लोकहितवादींवर त्यांनी प्रखर टीका केली. महात्मा जोतीराव फुले यांच्या लेखनाचे परीक्षण करताना तर व्याकरणातील चुका, भाषेचा ओबडधोबडपणा यांवरच त्यांनी उपहासाचा भर दिला. जोतीराव व धोंडीबा यांच्या संवादातून १८७३ च्या 'गुलामगिरी'ने जातिव्यवस्थेला विचारलेले प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहिले. बहुजन समाजाच्या बोलीत लिहिलेला हा ग्रंथ त्यांनी पंडिती मराठीच्या मापाने मोजला. जो दंडक त्यांनी इतरांना घालून दिला, तो येथे त्यांनीच पाळला नाही.

१८७९ मध्ये सरकारी नोकरीचा त्याग करून ते पुण्यात स्वतंत्र कार्याकडे वळले. जानेवारी १८८० मध्ये लोकमान्य टिळक यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली, तर पुढील वर्षी 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे सुरू झाली. चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना आणि किताबखाना हे पुस्तकांचे दुकान यांच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. १७ मार्च १८८२ रोजी त्यांचे निधन झाले.

महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय १९६९ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. विष्णुशास्त्रींनी हिणवलेली ती भाषा त्यानंतरच्या पिढ्यांनी मराठी गद्याचे एक समर्थ रूप म्हणून अभ्यासली. ग्रंथ निर्भयपणे पारखण्याची सवय मराठी वाचकाला विष्णुशास्त्रींनी लावली, आणि त्याच सवयीने वाचकाने पुढे त्यांचे निर्णयही पारखून घेतले.