चार पेन्सिल सेलची कमाल

गेमिंग कंट्रोलर कधी हातात घेतला असेल, तर डाव्या अंगठ्याखालचं ते अधिकच्या चिन्हासारखं बटण आठवा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. कंट्रोलर कुठल्याही कंपनीचा असो, कुठल्या ना कुठल्या रूपात ते बटण असतंच. पण हे बटण आणलं कुणी, असं विचारलं तर ग्रुपमधला पक्का गेमरही जरा अडखळेल. आपल्याला मारिओ माहीत असतो, पोकेमॉन माहीत असतो. गुनपेई योकोई हे नाव मात्र फारसं कानावर आलेलं नसतं.

ज्यांना जुन्या व्हिडिओ गेम्सचा नाद आहे, त्यांच्याकडे मात्र हे नाव देवघरात ठेवल्यासारखं असतं. अशी मंडळी जगभर आहेत. आठवडाभर नोकरी किंवा कॉलेज, आणि रविवारी टेबलावर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा गेम बॉय उघडून बसायचं. सेल गळून तारांवर चढलेला हिरवा थर खरवडायचा, कार्ट्रिजचे दात कापसाच्या बोळ्याने पुसायचे, आतला नाण्याएवढा सेल संपला असेल तर सोल्डरिंग करून नवा बसवायचा. मग बटण दाबलं की ती ओळखीची ‘टिंग’ येते आणि रविवार सार्थकी लागतो. पाच वर्षांपूर्वीचा फोन आपण ‘जुना झाला’ म्हणून बाजूला टाकतो, आणि ही तीन दशकांपूर्वीची वस्तू अजून घरच्या घरी दुरुस्त होते. हे कसं काय? याचं उत्तर योकोईंच्या आयुष्यात सापडतं, आणि प्लेसमेंटच्या टेन्शनमध्ये असलेल्यांनी तर ते नक्कीच वाचायला हवं.

पत्त्यांच्या कारखान्यातला इंजिनिअर

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१चा, जपानमधल्या क्योटो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. मार्क्स काही डोळे दिपवणारे नव्हते. मोठमोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांमध्ये त्यांची डाळ शिजली नाही. शेवटी १९६५ मध्ये गावातल्याच एका कंपनीत नोकरी मिळाली. कंपनीचं नाव निन्टेंडो.

आता तुम्ही म्हणाल, निन्टेंडो मिळाली म्हणजे लॉटरीच की! थांबा. १८८९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी तेव्हा ओळखली जायची ती पत्त्यांसाठी. ‘हानाफुदा’ नावाचे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते आणि आपले नेहमीचे बावन पत्ते ती बनवायची. योकोईंचं काम काय, तर पत्ते छापणारी आणि कापणारी यंत्रं नीट चालताहेत ना हे बघायचं. इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर आणि हातात तेलाची बुधली! बरं, यंत्रंही फारशी बिघडायची नाहीत. त्यामुळे हाताशी वेळच वेळ.

या रिकाम्या वेळात ते कारखान्यातल्या यंत्रांवर स्वतःसाठी खेळणी बनवत बसायचे. त्यातलंच एक म्हणजे कैचीसारख्या पट्ट्या एकमेकींना जोडून केलेला लांब होणारा हात. इकडे मूठ दाबली की तिकडे पुढचा पंजा वस्तू पकडतो. एक दिवस कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात आले आणि त्यांनी ते पाहिलं. यामाउची कडक माणूस. त्यांनी केबिनमध्ये बोलावल्यावर योकोईंना वाटलं, आता कामाच्या वेळी खेळत बसल्याबद्दल चंपी होणार. झालं भलतंच. यामाउचींनी हे खेळणं विकण्यासाठी तयार करायला सांगितलं. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ते बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त विकलं गेलं. मेंटेनन्समधल्या पोराकडे कंपनीची नवी खेळणी बनवण्याचं काम आलं.

मग एकामागून एक खेळणी येत गेली. १९६९चा ‘लव्ह टेस्टर’ तर तुमच्या कॉलेज फेस्टमध्ये आजही चालेल. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातात यंत्राची एकेक मूठ घ्यायची, आणि काटा सांगणार तुमचं प्रेम किती! प्रत्यक्षात ते यंत्र दोघांच्या अंगातून जाणारा अगदी किंचितसा विद्युतप्रवाह मोजायचं, बाकी काही नाही. पण त्या काळातल्या जपानी तरुणांना एकमेकांचा हात धरायला निमित्त मिळालं. सर्किट शाळेतल्या प्रयोगाइतकं सोपं, गंमत मात्र अशी की विकत घ्यावीशी वाटावी.

सगळंच काही हिट झालं नाही. १९७३ मध्ये ओस पडलेल्या बोलिंग अ‍ॅलींमध्ये प्रकाशाच्या बंदुकीने नेम धरायचा मोठा खेळ निन्टेंडोने आणला. सुरुवात जोरात झाली, आणि त्याच वर्षी तेलसंकट आलं. ऑर्डरी रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात बुडाली.

कॅल्क्युलेटरशी चाळा करणारा प्रवासी

सत्तरच्या दशकाच्या शेवटी योकोई एकदा बुलेट ट्रेनने चालले होते. समोर एक नोकरदार माणूस वेळ जात नाही म्हणून कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. तुम्ही-आम्ही असतो तर दुसरीकडे बघितलं असतं. योकोईंच्या डोक्यात आलं, की मोठ्या माणसाला चारचौघांत लाज न वाटता खेळता येईल असं खिशातलं काहीतरी हवं.

एकदा अध्यक्षांचा ड्रायव्हर आला नव्हता, म्हणून त्यांची गाडी चालवायची वेळ योकोईंवर आली. गप्पांच्या ओघात त्यांनी ही कल्पना यामाउचींच्या कानावर घातली. यामाउची नुसतं हं हं करत होते. पण त्याच दिवशी त्यांची भेट होती शार्प कंपनीच्या अध्यक्षांशी, आणि शार्प म्हणजे कॅल्क्युलेटर बनवणारी बडी कंपनी. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या स्पर्धेत त्यांचे चिमुकले एलसीडी पडदे आणि चिप्स तोवर स्वस्त होऊन गेले होते. थोड्याच दिवसांत शार्पची माणसं निन्टेंडोच्या दारात हजर!

एप्रिल १९८० मध्ये पहिला ‘गेम अँड वॉच’ आला. खेळाचं नाव ‘बॉल’. माणूस चेंडू झेलतो, एवढंच. या पडद्यावर चित्र सरकत नाही. माणसाच्या हाताची प्रत्येक स्थिती, चेंडूची प्रत्येक जागा आधीच काचेत आखलेली असते. चिप फक्त ठरवते की आता यातला कुठला आकार काळा दिसेल आणि कुठला अदृश्य राहील. कॅल्क्युलेटरवर आकडे दिसतात ते याच तंत्राने. शिवाय त्यात घड्याळही असायचं, म्हणजे घरी विचारलं तर सांगायला कारण तयार. आपल्याकडे नंतर जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणारा ‘९९९९ इन १’ ब्रिक गेम आठवतोय? त्याचे काळे चौकोनही असेच काचेत आधीपासून आखलेले असतात.

१९८२ मध्ये ‘डाँकी काँग’ हा खेळ या छोट्या यंत्रावर आणायचा ठरला. मूळ खेळ आर्केडच्या मोठ्या यंत्रावरचा. तो १९८१ मध्ये शिगेरू मियामोटो या नवख्या कलाकाराने योकोईंच्या देखरेखीखाली केला होता आणि त्यातला उड्या मारणारा सुतार म्हणजेच पुढचा मारिओ. अडचण अशी, की आर्केडच्या यंत्राला दांडा असतो आणि खिशातल्या वस्तूला दांडा लावला तर ती खिशात जाणार कशी? मग योकोईंनी दांड्याऐवजी अधिकच्या आकाराचं चपटं बटण केलं. पडद्याकडे बघता बघता अंगठ्याला दिशा कळते, खाली बघावं लागत नाही. पुढच्याच वर्षी निन्टेंडोच्या घरगुती कन्सोलच्या कंट्रोलरवर तेच बटण बसलं आणि नंतर सगळ्या जगाने ते उचललं.

गेम अँड वॉच एकूण ४ कोटी ३० लाखांहून जास्त विकले गेले. कंपनीचं कर्ज फिटलं.

रंगीत? नकोच!

आता येतो खरा कसोटीचा प्रसंग. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कार्ट्रिज बदलता येईल असं हातातलं कन्सोल करायचं ठरलं. रंगीत पडदे उपलब्ध होते आणि प्रतिस्पर्धी त्यांच्याच मागे लागले होते. योकोई आणि त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांच्या टीमने काय केलं? हिरवट पडदा, त्यावर चारच छटा, पडद्यामागे दिवासुद्धा नाही. २१ एप्रिल १९८९ रोजी गेम बॉय जपानमध्ये विक्रीला आला तेव्हा तो बघून कुणीही नाक मुरडलं असतं.

पण हिशोब बघा. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. त्याच्यासमोर उभा राहिलेला सेगाचा ‘गेम गियर’ रंगीत होता, झगझगीत होता, आणि सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत फस्त करायचा. पॉकेटमनीवर जगणाऱ्या पोराने कुठला घ्यावा? सेल विकत घेताना गेम बॉयच परवडायचा. शिवाय तो स्वस्त होता आणि पडला तरी फुटत नव्हता. आखाती युद्धातल्या हल्ल्यात जळून खोकं वितळलेला एक गेम बॉय न्यूयॉर्कमधल्या निन्टेंडोच्या दुकानात कित्येक वर्षं मांडलेला होता आणि त्याच्यावर टेट्रिस चालू असायचं.

योकोईंचा यामागचा विचार साधा होता. सगळ्यात नवं तंत्रज्ञान महाग असतं आणि त्याच्या खोडी अजून कुणालाच माहीत नसतात. जुनं तंत्रज्ञान स्वस्त झालेलं असतं, आणि ते कुठे अडतं, कुठे टिकतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते अशा कामाला लावायचं, जिथे कुणी लावलेलंच नाही. त्यांनी अशा तंत्रज्ञानासाठी ‘सुकलेलं’ या अर्थाचा जपानी शब्द वापरला. आपण मराठीत ‘मुरलेलं’ म्हणूया, लोणच्यासारखं. रविवारी गेम बॉय उघडून बसणाऱ्यांचं काम सोपं होतं तेही यामुळेच. सेल कुठल्याही दुकानात मिळणारे, सुटे भाग साधे, पडदा गेला तर नवा बसवण्याइतकी जागा आत. रंगीत पडद्याचा नवा माल घालून केलेली त्या काळातली चकचकीत यंत्रं दुरुस्त करताना याच मंडळींना जास्त घाम फुटतो.

गेम बॉय आणि त्याचा धाकटा भाऊ गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले. १९९६ मध्ये ‘पोकेमॉन’ आला तेव्हा हे यंत्र सात वर्षांचं म्हातारं झालं होतं. त्याच म्हाताऱ्याला केबल लावून पोरं एकमेकांशी पोकेमॉनची अदलाबदल करायला लागली.

लाल पडदा

मग योकोई हरले कधी? १९९५ मध्ये. ‘व्हर्च्युअल बॉय’ हे त्यांचं यंत्र टेबलावर स्टँडला उभं करायचं, त्यात डोळे खुपसायचे आणि आत खोली असलेलं थ्रीडी चित्र दिसायचं. चित्र फक्त लाल आणि काळं. बराच वेळ खेळलं की डोळे आणि डोकं दुखल्याच्या तक्रारी आल्या. ते खिशात मावत नव्हतं आणि शेजारी बसलेल्या मित्राला आत काय चाललंय ते दिसतही नव्हतं. ज्या माणसाने हातात हात धरायला लावणारं खेळणं केलं होतं, त्याचं हे खेळणं खेळणाऱ्याला एकटं पाडणारं निघालं. जेमतेम पावणेआठ लाख नग विकले गेले आणि वर्षभराच्या आत ते गुंडाळावं लागलं.

त्यानंतर १९९६ मध्ये गेम बॉयची छोटी, सुटसुटीत आवृत्ती ‘गेम बॉय पॉकेट’ बाजारात आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला योकोईंनी निन्टेंडो सोडली. ३१ वर्षांची नोकरी. वय ५५च्या उंबरठ्यावर. पुष्कळ लोक या वयात निवृत्तीचा हिशोब करतात. योकोईंनी ‘कोटो’ नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली आणि बंदाई कंपनीसाठी नवं हँडहेल्ड करायला घेतलं.

ते पूर्ण झालेलं त्यांनी पाहिलं नाही. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी जपानमधल्या इशिकावा भागात द्रुतगती मार्गावर ते ज्या गाडीत होते ती पुढच्या ट्रकवर आदळली. काय झालं ते बघायला योकोई खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. ते ५६ वर्षांचे होते.

मार्च १९९९ मध्ये ते यंत्र बाजारात आलं. नाव ‘वंडरस्वान’. पडदा पुन्हा रंगाशिवायचा, किंमत कमी, आणि या वेळी चार नाही, फक्त एकच पेन्सिल सेल. त्यावरच्या एका कोड्याच्या खेळाला त्यांच्या आठवणीत नाव दिलं गेलं, ‘गुनपे’. २००३ मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला.

तुमच्यापैकी कित्येक जण आत्ता फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय शोधत असाल. महागडा लॅपटॉप नाही, लेटेस्ट किट नाही म्हणून अडून बसला असाल, किंवा पहिली नोकरी मनासारखी नाही म्हणून तोंड पाडून बसला असाल. योकोईंना पहिली नोकरी मिळाली ती पत्ते कापणाऱ्या यंत्रांवर. पहिलं यश मिळालं ते चार पट्ट्या जोडून, आणि दुसऱ्यांनी स्वस्त करून टाकलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर त्यांनी कंपनी तारली. हाताशी काय पडलंय आणि त्याचा अजून कुणी न केलेला उपयोग काय, हे त्यांनी प्रत्येक वेळी आधी पाहिलं.

सुरुवात घरातूनच करून बघा. माळ्यावर एखादा जुना ब्रिक गेम नक्की सापडेल. सेलचं झाकण उघडा, गळलेला सेल काढून टाका, पट्ट्या पुसून घ्या आणि नवे पेन्सिल सेल घाला. बहुतेक तो चालू होईल.