लायनस पॉलिंग

लायनस कार्ल पॉलिंग (२८ फेब्रुवारी, १९०१ - १९ ऑगस्ट, १९९४) हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ होते. रासायनिक बंधांवरील संशोधनासाठी त्यांना १९५४चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अणुचाचण्यांतील किरणोत्सर्गाने कर्करोग वाढेल, असे सांगत त्यांनी त्यांविरुद्ध चळवळ उभारली आणि १९६२चे शांततेचे नोबेलही मिळवले. दोन नोबेल पारितोषिके कोणाशीही विभागून न घेता मिळवणारी ती एकमेव व्यक्ती होय.

उत्तरायुष्यात ते आवळा, पेरू यांत विपुल असणाऱ्या क जीवनसत्त्वाकडे वळले. स्कॉटलंडमधील शल्यविशारद यूअन कॅमेरॉन यांच्यासह १९७६ मध्ये त्यांनी अंतिम टप्प्यातील कर्करोगाच्या १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज सुमारे १० ग्रॅम जीवनसत्त्व घेणारे रुग्ण सरासरी चौपट काळ जगल्याचा त्यांचा दावा होता. मात्र तुलनेचे १,००० रुग्ण जुन्या नोंदींतून निवडलेले होते, हा त्यातील मोठा दोष. मेयो क्लिनिकच्या १९७९ व १९८५ मधील चाचण्यांत कोणताही लाभ आढळला नाही. पॉलिंग यांनी ते निष्कर्ष अखेरपर्यंत अमान्य केले. त्यांच्या पत्नी ॲव्हा हेलन यांचे १९८१ मध्ये जठराच्या, तर त्यांचे स्वतःचे प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाने निधन झाले.

मेयोतील रुग्णांना जीवनसत्त्व तोंडावाटे दिले होते. शिरेवाटे दिल्यास त्याचे रक्तातील प्रमाण कितीतरी वाढते व त्यातून कर्कपेशींना घातक ठरू शकणारे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, असे नंतरच्या संशोधनात दिसले. त्यामुळे किरणोपचारांच्या जोडीने त्याच्या चाचण्या घेतल्या गेल्या. प्रमाणित उपचारांत मात्र त्याचा समावेश झालेला नाही.