गोटलीब डाइम्लर : शीघ्रगती एंजिनाचा जनक

मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी उभे राहिले असता आमच्या कानी एक वाद नेहमी येतो. कोणती मोटार थांबल्या जागेवरून निघून किती सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते, आणि कोणाच्या फटफटीचे एंजिन मिनिटास किती हजार फेऱ्या घेते, हा त्या वादाचा विषय. आकडे सर्वांस मुखोद्गत असतात. परंतु एंजिनाने जलद फिरावे हा विचार ज्याने पहिल्याने हट्टाने धरला, त्या पुरुषाचे नाव विचारले तर मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. म्हणून त्याचे अल्पचरित्र आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

गोटलीब डाइम्लर ह्याचा जन्म १७ मार्च १८३४ रोजी जर्मनीतील वुर्टेंबर्ग प्रांती शोर्नडोर्फ ह्या लहानशा गावी झाला. बाप पाव भाजण्याचा धंदा करी. मुलाचे मन मात्र लोखंडात रमे. म्हणून त्यास बंदुका करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. तेथे कानशीचे व मापाचे जे बारीक काम तो शिकला, ते त्यास जन्मभर पुरले. पुढे आगगाडीचे सामान बनविणाऱ्या कारखान्यात त्याने नोकरी केली, स्टुटगार्ट येथे यंत्रविद्येचे शिक्षण घेतले, आणि फ्रान्स व इंग्लंड येथील कारखाने पाहून तो स्वदेशी परतला.

ह्यानंतर रॉइटलिंगेन येथील एका धर्मार्थ संस्थेच्या कारखान्याची व्यवस्था त्याच्याकडे आली. ह्या संस्थेत अनाथ मुलांस आसरा देऊन हस्तकौशल्य शिकवीत असत. तेथेच विल्हेल्म माइबाख हा पोरका मुलगा त्याच्या दृष्टीस पडला. आईबाप लहानपणीच गमावलेल्या ह्या मुलाचे रेखाटन पाहून डाइम्लरने त्याचे गुण ओळखले, आणि पुढे जेथे जेथे तो गेला तेथे तेथे त्याने त्यास बरोबर नेले. एकाने स्वप्न पाहावे व दुसऱ्याने ते कागदावर उतरवावे, असा हा जोड होता.

१८७२ साली डाइम्लर कोलोनजवळील डॉइट्झ येथे निकोलाउस ऑटो ह्याच्या कारखान्याचा तांत्रिक प्रमुख झाला. ऑटोचे चार ठोक्यांचे प्रसिद्ध एंजिन तेथेच १८७६ साली तयार झाले. ते यंत्र उत्तम होते, परंतु अवजड. मिनिटास दीडशे-पावणेदोनशे फेऱ्या घेणार आणि कारखान्याच्या जोत्यावर पक्के बसून राहणार. डाइम्लरच्या मनात निराळेच होते. त्यास असे हलके एंजिन पाहिजे होते की ते गाडीत बसावे, नावेत बसावे. ऑटोचे व त्याचे पटेना. दोघेही मानी, मतभेद विकोपास गेले आणि १८८२ साली डाइम्लरने ती मोठ्या पगाराची जागा सोडली.

येथे विषयाचे मर्म सांगणे अवश्य आहे. आमच्या वसईच्या वाड्यांतून पूर्वी रहाट फिरत, हे आजोबांस विचारावे. रहाटाची मडकी मोठी असली व तो सावकाश फिरला, तर जितके पाणी वर येईल, तितकेच लहान मडक्यांनीही येईल. मात्र रहाट त्या प्रमाणात जलद फिरला पाहिजे. एंजिनाचे तसेच आहे. दर स्फोटास मिळणारा जोर थोडा असला तरी स्फोटांची संख्या चौपट झाली, तर चौथाई आकाराचे एंजिन तितकेच काम करील. परंतु जुन्या यंत्रात सरकत्या झडपेतून ज्योत आत नेऊन वायू पेटवीत; ही झडप जलद चालेना. डाइम्लर व माइबाख ह्यांनी १८८३ साली तप्त नळीची युक्ती काढली. बाहेरून तापवून लाल केलेल्या लहान नळीशी दाबलेला वायू येताच तो आपोआप पेट घेई. फेऱ्या एकदम ६०० वर गेल्या!

हे सर्व काम चालले होते कानश्टाट येथील डाइम्लरच्या बागेतल्या काचघरात. रात्रंदिवस तेथून ठोकठोक ऐकू येई. त्यावरून माळ्यास खोटी नाणी पाडण्याचा संशय आला, पोलिसांनी येऊन झडती घेतली, आणि त्यांस केवळ यंत्रे व हत्यारे सापडली, अशी हकीकत सांगतात.

१८८५ च्या नोव्हेंबरात डाइम्लरच्या मुलाने लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर बसून सुमारे तीन किलोमीटर प्रवास केला. आमच्या सर्व फटफट्यांची ती आद्य माता. १८८६ साली त्याने घोडागाडीत एंजिन बसविले. त्याच वर्षी मानहाइम येथे कार्ल बेंझ ह्याने आपल्या तीनचाकी गाडीचा हक्क नोंदविला. दोन यंत्रांची तुलना बोधप्रद आहे. बेंझचे एंजिन ९५४ घन सेंटिमीटरचे, मिनिटास ४०० फेऱ्या घेऊन पाऊण अश्वशक्ती देणारे. डाइम्लरचे अवघे ४६२ घन सेंटिमीटरचे, परंतु सुमारे ६५० फेऱ्या घेऊन एक अश्वशक्तीहून किंचित अधिक देणारे. तथापि न्यायाने सांगितले पाहिजे की, गाडी समग्र नवी कल्पिली ती बेंझने. डाइम्लरची गाडी म्हणजे घोडे सोडलेला टांगाच होता.

त्याच वर्षी नेकार नदीवर त्याची एंजिनाची नाव धावली. पाचूबंदर व अर्नाळा येथील ज्या होड्या आज शीड न उभारता समुद्रात जातात, त्यांचे मूळ ह्या नावेपर्यंत पोहोचते, हे कोळी बांधवांच्या मुलांनी ध्यानी धरावे.

जलद फिरणाऱ्या एंजिनात एक उणेही असते. फेऱ्या कमी असता त्याचा जोर थोडा पडतो. म्हणून थांबलेली गाडी हलविणे त्यास जड जाते. ह्यावर उपाय दातेरी चक्रांचा. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या गाडीत माइबाखने चार गतींची चक्रपेटी घातली. सेकंदांचे आकडे केवळ एंजिनावर नव्हे, तर गाडीच्या वजनावर व ह्या चक्रांच्या योजनेवरही अवलंबून असतात, हे वाद घालणाऱ्यांनी विसरू नये.

कीर्ती येऊ लागली तसे दुःखही आले. १८८९ साली पत्नी एमा निवर्तली. १८९० साली भांडवलवाल्यांच्या साह्याने कंपनी निघाली. परंतु तिच्यात डाइम्लरचेच चालेना. माइबाख १८९१ साली बाहेर पडला, आणि काही काळाने खुद्द डाइम्लरासही आपल्या नावाच्या कंपनीतून दूर व्हावे लागले. हृदयविकाराने त्यास ग्रासले होते. तरी एका जुन्या हॉटेलाच्या दालनात दोघांनी काम चालूच ठेवले व फिनिक्स नावाचे नवे एंजिन निर्माण केले. १८९५ साली पॅरिस ते बोर्दो व परत, ह्या सुमारे १,१८० किलोमीटरांच्या शर्यतीत लेव्हासोर हा अशाच एंजिनाच्या गाडीने ४८ तास ४८ मिनिटांत प्रथम पोहोचला. त्याच वर्षी कंपनीने दोघांस सन्मानाने परत बोलाविले.

६ मार्च १९०० रोजी डाइम्लर मरण पावला. त्याच वर्षाच्या अखेरीस माइबाखने मर्सिडीझ ही ३५ अश्वशक्तीची मोटार पुरी केली, आणि १९०१ च्या मार्चमध्ये नीस येथील शर्यतींत तिने इतर गाड्यांस मागे टाकले. तो विजय पाहण्यास गुरू नव्हता. परंतु ज्या पोरक्या मुलास त्याने हाती धरले होते, त्याच्याच हातून तो घडला. पुढे १९२६ साली डाइम्लर व बेंझ ह्यांच्या कंपन्या एक झाल्या.

आज शर्यतीच्या मोटारींची एंजिने मिनिटास दहा हजारांहून अधिक फेऱ्या घेतात. त्या सहाशे फेऱ्यांपुढे हा आकडा मोठा खरा. पण पहिले पाऊल त्या काचघरातच पडले. आमच्या विद्यार्थ्यांनी ह्या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्या. एक, हातातील कसब कधी वाया जात नाही. बंदुकीच्या नळीवर चाललेली कानस पुढे एंजिनाच्या नळीवर उपयोगी पडली. दुसरी, दुसऱ्याचा गुण ओळखणे हाही एक गुणच आहे. फाटकाशी वाद करताना सेकंद मोजावेत. परंतु त्या सेकंदांमागे ज्यांची आयुष्ये खर्ची पडली, त्यांचेही स्मरण ठेवावे, इतकीच आमची विनंती.