शेणकिड्यांचा चरित्रकार : झां आंरी फाब्र

पावसाळ्याच्या प्रारंभी गुरांच्या वाटेवर शेणाचे गोळे ढकलीत नेणारे काळे भुंगे आपण पाहिले असतील. मराठीत त्यांना शेणकिडे म्हणतात. भिलाई परिसरातील मराठी कुटुंबांना त्यांचे गुबरैला हे हिंदी नावही परिचित असेल. या उपेक्षित जीवाचे जीवनरहस्य ज्यांनी उलगडले, ते कीटकशास्त्रज्ञ म्हणजे झां आंरी फाब्र.

फाब्र यांचा जन्म डिसेंबर 1823 मध्ये दक्षिण फ्रान्समधील सें-लेओं या खेड्यात एका गरीब कुटुंबात झाला. दारिद्र्यामुळे त्यांचे शिक्षण खंडित झाले. त्यांनी जत्रेत लिंबे विकली, रेल्वेमार्गाच्या कामावर मजुरी केली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते आव्हिन्यों येथील अध्यापक विद्यालयात दाखल झाले आणि वयाच्या अठराव्या वर्षी शिक्षक बनले. दिवसा अध्यापन आणि रात्री स्वाध्याय, असा त्यांचा क्रम होता. अशा रीतीने त्यांनी गणित, भौतिकशास्त्र व निसर्गविज्ञान या विषयांतील पदव्या मिळवल्या आणि 1855 मध्ये ते डॉक्टरेटपर्यंत पोहोचले.

आव्हिन्यों येथे ते प्रौढांसाठी सायंकाळी विनामूल्य विज्ञानवर्ग चालवीत. त्या काळी विज्ञानाचे दार बंद असलेल्या मुलीही तेथे येत. फुलांमधील फलनक्रिया मुलींना समजावून सांगितल्याबद्दल सनातनी मंडळींनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. त्यांना राहते घर सोडावे लागले आणि नोकरीही सुटली. या संकटात ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी त्यांना कर्जाऊ रक्कम पाठवली. ते कर्ज फाब्र यांनी पुढे फेडले. शालेय पुस्तके लिहून त्यांनी संसार चालवला. 1877 मध्ये त्यांचा विज्ञानप्रेमी मुलगा झ्यूल मरण पावला. परंतु या आघातानंतरही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही.

1879 मध्ये सेरिन्यां गावाजवळ त्यांनी खडकाळ, ओसाड जमीन घेतली. तीच त्यांची प्रयोगशाळा झाली. त्याच वर्षी त्यांच्या कीटकविषयक ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभच शेणकिड्याने होतो.

शेणकिडा आपले अंडे गोळ्यात घालून तो गोळा घरंगळत नेतो, असा जुना समज होता. फाब्र यांनी असंख्य गोळे फोडून पाहिले. त्यांत अंडे सापडले नाही. तो गोळा म्हणजे किड्याची स्वतःची शिदोरी होती. वाटेत मदतीस धावणारा दुसरा किडा हा मित्र नसून बहुधा गोळा पळवण्यासाठी आलेला चोर असतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

मग अंडे कोठे असते? हे कोडे सुटण्यास अनेक वर्षे लागली. अखेर एका तरुण मेंढपाळाने जमिनीखालील बिळातून काढलेली पेरूसारखी निमुळती वस्तू त्यांना आणून दिली. तिच्या अरुंद मानेत अंडे होते. खालचा गोल भाग अळीचे अन्न ओलसर ठेवतो, तर मानेच्या पातळ भिंतीतून अंड्याला हवा मिळते. भिंतीला भेग पडली, तर अळी स्वतःच्या विष्ठेने ती लिंपून घेते. हा शोध 1897 च्या पाचव्या खंडात त्यांनी सविस्तर मांडला आणि त्या मेंढपाळाचे ऋणही मान्य केले.

डार्विन यांनी फाब्र यांच्या निरीक्षणशक्तीचा गौरव केला होता. फाब्र यांना मात्र डार्विनचा उत्क्रांतिवाद अखेरपर्यंत पटला नाही. या बाबतीत काळ डार्विनच्या बाजूने उभा राहिला. तथापि फाब्र यांच्या निरीक्षणांचे मोल कमी झाले नाही. 1907 पर्यंत ग्रंथमालेचे दहा खंड पूर्ण झाले. 11 ऑक्टोबर 1915 रोजी, वयाच्या 91 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शेणकिडे शेण जमिनीत पुरतात. त्यामुळे मातीचा कस वाढतो, ती भुसभुशीत होते आणि माश्यांची पैदास घटते. ऑस्ट्रेलियात बाहेरून आणलेल्या गुरांचे शेण तेथील स्थानिक किड्यांना पुरेसे हाताळता येईना. तेव्हा 1960 च्या दशकापासून परदेशांतून शेणकिडे आणून सोडावे लागले. आपल्या शेताच्या बांधावर हेच काम कोणताही खर्च न करता चालू असते. ते पाहण्यास फाब्र यांना भारी उपकरणे लागली नाहीत. जमिनीवर बसण्याची तयारी आणि चिकाटी पुरेशी ठरली.