घटक ४ : कान्होजी आंग्रे – किनारा जाणणारा सरखेल

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• कान्होजी आंग्रे यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• कोकण किनाऱ्याची भौगोलिक रचना आणि त्यांचे आरमारी यश यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• चरित्रनायकाविषयी शत्रूच्या कागदपत्रांत आढळणाऱ्या माहितीचे मूल्यमापन करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, गंगाखेडच्या घाटावर उभे राहिल्यास गोदावरीचे पाणी पूर्वेकडे जाताना दिसते. ही नदी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते. तेथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरांवर आहे. तरीही ती त्याच्याकडे पाठ फिरवून दख्खनचे पठार ओलांडते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पडणारा पाऊस मात्र वेगळी वाट धरतो. तेथील सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटन या नद्या लांबीने लहान आणि वेगाने उतरणाऱ्या आहेत. त्यांच्या मुखातून भरतीचे पाणी आत शिरते आणि खाड्या तयार होतात. परभणी जिल्ह्यातील विद्यार्थ्याला नदी परिचयाची असते. खाडी तशी नसते. प्रस्तुत चरित्र समजून घेण्यासाठी हा फरक प्रथम ध्यानात घ्यायला हवा, कारण चरित्रनायकाचे सारे आयुष्य या खाड्यांच्या मुखांशी घडले आहे.

कान्होजी आंग्रे यांचे स्मरण सामान्यतः इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांना नमविणारा पराक्रमी सेनानी म्हणून केले जाते. ते योग्यच आहे. तथापि पराक्रम हे वर्णन झाले, ते कारण नव्हे. मोठी जहाजे आणि लांब पल्ल्याच्या तोफा बाळगणाऱ्या सत्तांसमोर तुलनेने लहान नौकांचे आरमार तीस वर्षे कसे टिकले, हा चरित्रकारापुढील खरा प्रश्न आहे. या घटकात आपण त्याचे उत्तर शोधणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ सुवर्णदुर्गाच्या परिसरात

कान्होजींचे घराणे मूळचे संकपाळ. आंगरवाडी या गावावरून त्यांना आंग्रे हे नाव मिळाले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीस होते. कान्होजींचा जन्म साधारणतः १६६९ च्या सुमारास झाला असे मानले जाते. त्यांच्या घडणीचा काळ हर्णै आणि समोरचा सुवर्णदुर्ग या परिसराशी निगडित आहे. सुवर्णदुर्ग किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाण्यात उभा आहे. तेथे जाण्यायेण्यासाठी भरती-ओहोटीची वेळ, प्रवाहाचा ओढा आणि पाण्याखालचे खडक ठाऊक असावे लागतात. हे ज्ञान ग्रंथातून मिळत नव्हते. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी या समाजांतील तांडेल आणि खलाशी यांच्याबरोबर वावरतच ते मिळत असे.

१६८९ हे वर्ष मराठी राज्याच्या कसोटीचे ठरले. संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोगलांच्या हाती गेला आणि राजाराम महाराजांना दूर जिंजीचा आश्रय घ्यावा लागला. मोगलांचा साहाय्यक असलेला जंजिऱ्याचा सिद्दी कोकणात पुढे सरकू लागला. राजधानीकडून मदत येण्याची शक्यता जवळजवळ संपली होती. या धामधुमीच्या काळात सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूला वश होऊ लागला असता तरुण कान्होजींनी किल्ला राखला, असे परंपरागत वृत्तान्त सांगतात. त्यांच्या नावलौकिकाचा आरंभ येथून झाला. पुढील काही वर्षांत त्यांनी किनाऱ्यावरील गेलेली ठाणी क्रमाक्रमाने परत मिळवली.

४.३.२ खाडी, वारा आणि नांगर

आजच्या महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा आहे. नकाशावर तो सरळ रेषेसारखा दिसतो. शिडाच्या नौकेतून जाणाऱ्याला तो तसा लाभत नाही. एक भूशिर ओलांडावे तो दुसरे पुढे येते, आणि दोहोंच्या मध्ये एखादी खाडी किंवा लहानसा उपसागर असतो. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, शास्त्रीच्या मुखाशी जयगड आणि वाघोटनच्या मुखाशी विजयदुर्ग अशी आसऱ्याची स्थाने किनाऱ्यावर ओळीने आढळतात. किनारा धरून चालणाऱ्या नौकेला गोडे पाणी, शिधा आणि वादळात निवारा हवा असतो. म्हणून या स्थानांची साखळी ज्याच्या हाती, त्याच्या हाती किनारा, हे सूत्र ठरून गेले होते.

ही साखळी अखंड मात्र नव्हती. मुंबई इंग्रजांची होती, चौल-रेवदंडा पोर्तुगीजांचे आणि जंजिरा सिद्दीचा. खांदेरीपासून विजयदुर्गापर्यंत जाताना आंग्र्यांच्या नौकांना मित्राचे आणि शत्रूचे पाणी आळीपाळीने ओलांडावे लागे. रात्र कोठे काढायची, याचा निर्णय त्यामुळे केवळ सोयीचा राहत नसे. त्यावर नौकेचा आणि माणसांचा जीव अवलंबून असे.

नांगर टाकण्याची जागा निवडणे हे स्वतंत्र शास्त्रच होते. तळाशी चिखल असेल तर नांगर धरून राहतो. खडक असेल तर दोर घासून तुटतो. खाडीच्या मुखाशी वाळूचे बांध साचतात आणि दर पावसाळ्यानंतर ते जागा बदलतात. आत शिरायचे तर भरतीची वेळ गाठावी लागते, कारण ओहोटीत नौका वाळूवर रुतते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण मोठे असते, अष्टमीच्या सुमारास भरती मंद असते. तिथी ठाऊक असणाऱ्या तांडेलाला पाण्याचा अंदाज आकाशातील चंद्रावरून घेता येई.

वाऱ्याचे गणितही असेच होते. उत्तररात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. पहाटेच्या वाऱ्यावर खाडीबाहेर पडावे आणि दुपारच्या वाऱ्यावर परतावे, हा किनाऱ्यावरील दिवसाचा क्रम. ज्येष्ठात नैर्ऋत्येचा पाऊस सुरू झाला की वारा नौकांना किनाऱ्यावरच ढकलू लागतो. तेव्हा गलबते खाडीच्या आत ओढून, शाकारून ठेवीत. नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून नव्या हंगामाला आरंभ होई.

नौकांची घडणही या ज्ञानाला अनुरूप होती. गुराब ही बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्यांची आणि सुमारे १५० ते ३०० टनांची नौका. तिच्या नाळेवर समोर मारा करणाऱ्या तोफा असत. गलबत त्याहून लहान, साधारणतः ७० टनांच्या आतले आणि ४० ते ५० वल्ह्यांचे. दोन्ही नौका उथळ पाण्यात चालत. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी खिळून राही. अशा वेळी वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढत नेत आणि जहाजाच्या मागील, कमी तोफांच्या बाजूने मारा सुरू करीत. वारा उठून जहाज वळेपर्यंत गलबते उथळ पाण्यात परतलेली असत. मोठ्या जहाजाला तेथवर येता येत नसे. मोठेपण हेच त्याचे वैगुण्य ठरे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) गुराब आणि गलबत यांत कोणता फरक होता?
(आ) मतलई वाऱ्याचा किनाऱ्यावरील नौकानयनात काय उपयोग होई?

४.३.३ सरखेलपद आणि दोन छत्रपती

१६९८ मध्ये सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर कान्होजींकडे आरमाराचे मुख्यपद म्हणजे सरखेलपद आले. अलिबागचा कुलाबा किल्ला त्यांचे मुख्य ठाणे झाला. कुलाबा ओहोटीत पायी गाठता येतो आणि भरतीत पाण्याने वेढला जातो. जमीन आणि समुद्र या दोहोंशी नाते राखणाऱ्या सरखेलाला हे स्थान साजेसेच होते.

१७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू झाला, शाहू महाराज सुटून आले आणि मराठी राज्यात ताराबाई व शाहू असे दोन पक्ष निर्माण झाले. कान्होजी प्रारंभी ताराबाईंच्या पक्षात होते. १७१३ मध्ये शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्यावर चालून आले; कान्होजींनी त्यांनाच कैद केले आणि घाटमाथ्यापर्यंत मजल मारली. त्यानंतर नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी शस्त्राऐवजी वाटाघाटींचा मार्ग स्वीकारला. कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मान्य केले; शाहूंनी त्यांचे सरखेलपद आणि किल्ले त्यांच्याकडे कायम ठेवले. या समझोत्याने किनाऱ्याला घाटावरचा पाठिंबा मिळाला. त्याचे महत्त्व पुढे १७२१ मध्ये सिद्ध झाले.

४.३.४ दस्तकाचा प्रश्न

इंग्रजांच्या लिखाणात कान्होजींचा उल्लेख चाचा म्हणजे समुद्रावरील लुटारू असा वारंवार येतो. या शब्दाचा विचार सावधपणे करायला हवा. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज या समुद्रात परवाने विकत होते आणि परवाना नसलेली जहाजे पकडत होते. कान्होजींनी तोच नियम आपल्या किनाऱ्याला लावला. त्यांच्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने दस्तक घ्यावे, अन्यथा जहाज जप्त होईल, अशी व्यवस्था होती. छत्रपतींच्या सनदेने नेमलेला अधिकारी जकात वसूल करतो, ही कान्होजींची भूमिका. समुद्र आपल्या व्यापारासाठी मोकळा असावा, ही कंपनीची. एकाच कृतीला एका दप्तरात जकात आणि दुसऱ्यात लूट म्हटले गेले.

याचा अर्थ या व्यवस्थेची झळ कोणाला लागली नाही असा नव्हे. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची खासगी नौका आंग्र्यांच्या आरमाराने पकडली. त्या झटापटीत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला. त्याची तरुण पत्नी कैदेत पडली आणि पुढे खंडणी घेऊन तिची मुक्तता झाली. चरित्रकाराने हा प्रसंग झाकू नये. त्याचबरोबर, तो एकच प्रसंग पुढे करून सरखेलाला लुटारूही ठरवू नये.

४.३.५ किनाऱ्याने दिलेली साथ

चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर आंग्र्यांचे पारिपत्य करण्याचे प्रयत्न सुरू झाले. १७१७ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला. तट फुटला नाही. १७१८ मध्ये खांदेरीवर सैनिक उतरवले गेले. पण त्या खडकाळ बेटावर त्यांना पाय रोवता आले नाहीत. या दोन अपयशांतून इंग्रज एक धडा शिकले. १७२० च्या विजयदुर्गावरील मोहिमेसाठी त्यांनी सपाट तळाची, उथळ पाण्यात जाऊ शकणारी एक तरंगती तोफनौका मुद्दाम बांधून घेतली. आपला खरा अडथळा पाण्याची खोली आहे, ही त्यांनी दिलेली कबुलीच होती. तथापि तळ सपाट केल्याने खाडीची ओळख होत नाही. किल्ला याही वेळी पडला नाही.

१७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. कमोडोर मॅथ्यूज याच्या नेतृत्वाखाली इंग्लंडहून आलेल्या युद्धनौका आणि चौलहून आलेली पोर्तुगीज फौज यांनी कुलाब्यावर चाल केली. मोठ्या जहाजांना किल्ल्याच्या निकट येता येईना. जमिनीवरून चढाई करणाऱ्या तुकड्यांना शाहूंकडून आलेल्या मराठी घोडदळाने गाठले. दोन्ही मित्रांत परस्परांविषयी अविश्वास वाढला आणि पोर्तुगीजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर आरमार आणले. त्यांनाही परतावे लागले.

४.३.६ अखेर आणि वारसा

१७२९ च्या पावसाळ्यात कान्होजींचे अलिबाग येथे निधन झाले. गलबते शाकारलेली असतात, असा तो ऋतू. त्यांची समाधी अलिबागेत आहे.

त्यांच्यामागे सेखोजी सरखेल झाले; १७३३ मध्ये तेही निवर्तले. त्यानंतर संभाजी आणि मानाजी या भावांत कलह माजला. पेशव्यांच्या मध्यस्थीने कुलाबा मानाजीकडे आणि दक्षिणेकडील ठाणी संभाजीकडे गेली. आसऱ्याच्या स्थानांची जी साखळी कान्होजींनी एका हाती ठेवली होती, ती अशी तुटली. संभाजीनंतर आलेल्या तुळाजींचे पेशव्यांशी वैर झाले. १७५५ मध्ये पेशव्यांच्या साहाय्याने इंग्रजांनी सुवर्णदुर्ग घेतला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग जिंकला. त्या वेळी खाडीत नांगरलेले आंग्र्यांचे आरमार जळाले. १७१७ ते १७२४ या काळात जी खाडी अभेद्य राहिली, ती घाटावरचा पाठिंबा शत्रूकडे गेल्यावर राखता आली नाही. खाडी तीच होती, भरतीही तीच होती. मराठी सत्तेतील ऐक्य उरले नव्हते.

४.४ समारोप

कान्होजींच्या यशाला तीन आधार होते : किनाऱ्याचे सूक्ष्म ज्ञान, त्या ज्ञानाला साजेशा नौका आणि घाटावरील सत्तेशी जुळलेले नाते. पैकी पहिला आधार त्यांचा एकट्याचा नव्हता. वाळूचा बांध कोठे सरकला हे सांगणारा तांडेल, अंधारात खडक ओळखणारा कोळी, गुराब घडवणारा सुतार यांची नावे इतिहासाने जपली नाहीत. कान्होजींचे मोठेपण असे की त्यांनी हे विखुरलेले ज्ञान एका सत्तेच्या कामी लावले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला आंग्रे हे नाव दिले आहे. त्या नावात या अनाम माणसांचाही वाटा आहे.

४.५ शब्दार्थ

सरखेल – आरमाराचा मुख्य अधिकारी.
दस्तक – समुद्रातून जाण्याचा परवाना.
तांडेल – नौकेवरील खलाशांचा प्रमुख.
नाळ – नौकेचा पुढील टोकदार भाग.
शाकारणे – पावसापासून बचावासाठी गवत, झावळ्या इत्यादींनी आच्छादणे.
उधाण – अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती.

४.६ स्वाध्याय

१. कोकण किनाऱ्याच्या रचनेने कान्होजींच्या आरमाराला कशी साथ दिली, ते सोदाहरण लिहा.
२. चाचा आणि सरखेल या दोन संज्ञांच्या आधारे चरित्रलेखनातील दृष्टिकोनाचा प्रश्न चर्चा करून स्पष्ट करा.
३. कान्होजींच्या निधनानंतर आंग्र्यांचे आरमार दुर्बळ होण्याची कारणे सांगा.

उपक्रम : आपल्या परिसरात गोदावरी, पूर्णा किंवा दुधना नदीवर नाव चालवणाऱ्या अथवा मासेमारी करणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला भेटा. डोह, उतार, भोवरा, पुराची चाहूल यांविषयी त्यांना असलेले ज्ञान त्यांच्याच शब्दांतील संज्ञांसह नोंदवून सुमारे ३०० शब्दांचे टिपण तयार करा.