झाडपाल्याची परीक्षा घेणारे कर्नल

कर्नल सर रामनाथ चोप्रा लष्करी डॉक्टर होते, पण त्यांचे नाव झाले ते झाडपाल्यामुळे. त्यांचा जन्म १८८२ साली गुजरांवाला येथे झाला. केंब्रिजला शिकून ते १९०८ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. पहिल्या महायुद्धात ते पूर्व आफ्रिकेत होते.

१९२१ पासून ते कोलकात्यात औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. जुन्या औषधी वनस्पतींवर त्यांनी आंधळा विश्वास ठेवला नाही आणि त्यांना हसलेही नाहीत. अर्क काढायचा, तपासायचा, मगच गुण मान्य करायचा, ही त्यांची शिस्त. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी १९३३ साली प्रयोगाने दाखवले.

याच वाटेने पुढे लखनौने काम केले. तिथे १९५१ साली छत्तर मंझिल या नवाबी महालात केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली. तिने देशभरातल्या वनस्पतींचे अर्क तपासले, कर्करोगासाठीसुद्धा. पहिला अहवाल १९६८ साली आला. अशा शोधात बहुतेक अर्क नापास होतात, तरी पुढचा तपासावाच लागतो.

१९७२ साली आपल्याच सह्याद्रीतल्या नरक्या झाडात कॅम्प्टोथेसिन सापडल्याचे प्रसिद्ध झाले. त्यापासून बनलेली औषधे आज कर्करोगावर देतात. पुढच्याच वर्षी चोप्रा वारले.

आता तोडीमुळे नरक्या कमी होत चालला आहे. मित्रांनो, झाडच उरले नाही तर परीक्षा कशाची घेणार? सुट्टीत गड चढताना हे लक्षात ठेवूया.